हरणारा आहे, जिंकणारा नाही: रेगी बुशचा पुसलेला इतिहास

१/ शिलालेखावरील नाव छिन्नीने उडवले, म्हणून त्या राजाने राज्यच केले नाही असे इतिहासाचा कोणताही अभ्यासक मानणार नाही. अमेरिकेतील कॉलेज क्रीडेची नियामक संस्था एनसीएए हिने २०१० साली मात्र नेमका हाच आग्रह धरला. हा थ्रेड त्या आग्रहाविरुद्ध आहे.

२/ रेगी बुश हा सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा (यूएससी) रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन बचावफळी भेदत धावणारा खेळाडू. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड मिळवायचे असतात. २००५ च्या हंगामात बुशची सरासरी प्रत्येक धावेमागे ८.७ यार्ड होती, एकूण १,७४०. त्या वर्षीची हाइझमन ट्रॉफी, कॉलेज फुटबॉलमधील सर्वोच्च वैयक्तिक सन्मान, त्यालाच मिळाली.

३/ जून २०१० मध्ये निकाल आला: विद्यार्थी असताना बुश व त्याच्या कुटुंबाने एजंट होऊ पाहणाऱ्यांकडून पैसे, घर असे लाभ घेतले, सबब तो अपात्र. यूएससीचे १४ विजय रद्द झाले. सप्टेंबरमध्ये बुशने ट्रॉफीवरील हक्क सोडला.

४/ आता या नोंदवहीचे तर्कशास्त्र पाहा. २००५ च्या हंगामात १२ विजय आणि १ पराभव. विजय सगळे पुसले. टेक्सासकडून झालेला ३८–४१ असा पराभव तेवढा जपून ठेवला! जानेवारी २००५ मध्ये यूएससीने ओक्लाहोमाला ५५–१९ असे लोळवले होते. तो विजय रद्द. ओक्लाहोमाचा पराभव मात्र कायम. हरणारा आहे, जिंकणारा नाही.

५/ “नियम तो नियम,” असे म्हटले जाईल. नियम मोडला गेला, हे मान्य. पण तो नियम कोणाच्या हिताचा होता? ‘विद्यार्थी-खेळाडू’ ही संज्ञा एनसीएएने १९५० च्या दशकात रूढ केली. खेळाडू कर्मचारी ठरतील या धास्तीतून ती घडवली, हे संस्थेचे तत्कालीन प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. १९५७ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने मैदानावरील दुखापतीने मरण पावलेल्या एका कॉलेज खेळाडूच्या विधवेला कामगार भरपाई नाकारली.

६/ शिक्षा कोणाला झाली तेही पाहा. प्रशिक्षक पीट कॅरोल निकालापूर्वीच, जानेवारी २०१० मध्ये, व्यावसायिक लीगमधील सिॲटलच्या संघाकडे गेले. स्पर्धाबंदी आणि शिष्यवृत्त्यांची कपात भोगली ती मागे राहिलेल्या मुलांनी. त्यांचा दोष काय?

७/ २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाशी निगडित लाभांवरील एनसीएएच्या मर्यादा ९–० अशा एकमताने अवैध ठरवल्या. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर व प्रतिमेवर कमावण्याची मुभा मिळाली. २४ एप्रिल २०२४ रोजी ट्रॉफी बुशला परत देण्यात आली. कारण दिले गेले: कॉलेज फुटबॉलमध्ये झालेले मोठे बदल. बदलले ते नियम. २००५ चा खेळ जसा होता तसाच आहे.

८/ दंड करा, बंदी घाला. शासनाचा अधिकार संस्थेला आहे. घडलेले न घडलेले ठरवण्याचा अधिकार मात्र कोणालाच नाही. नोंदवही सत्ताधाऱ्यांच्या सोयीने खोडली जाते, तेव्हा ती नोंदवही राहत नाही. तिचे फर्मान होते. आणि फर्मानाला इतिहास समजण्याची चूक आपण तरी करू नये.