सोंग घेऊन मुंबईस

घरांतील मुलीनें सोंग घेऊन मुंबईच्या गर्दींत जावें काय, हा प्रश्न हल्लीं पुष्कळ घरांतून निघतो. तो आमच्याही घरीं निघाला. आमच्या कुटुंबाची एक शाखा पेणला व दुसरी रोह्यास नांदते. रोह्याच्या आमच्या पुतणीनें, इ. स. २०२४ च्या एप्रिलांत वांद्रें-कुर्ला संकुलांत भरणाऱ्या ‘कॉमिक कॉन’ या मेळ्यास वेष करून जाण्याची परवानगी मागितली, आणि तिच्या वडिलांनीं, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंनीं, ती तत्काळ नाकारली. भाऊंचा आक्षेप निव्वळ जुन्या वळणाचा होता असें वाचकांनीं समजूं नये. अनोळखी माणसें मुलीचीं छायाचित्रें घेणार, आणि तीं पुढें कोणाच्या हातीं पडणार याचा पत्ता नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. तें हंसण्यावारी नेण्याजोगें खास नव्हे.

ज्यांस हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्याकरितां थोडें सांगितलें पाहिजे. चित्रकथा, कादंबऱ्या व चित्रपट यांतील आवडत्या पात्राचा वेष करून समानशीलांत मिसळावयाचें, यास जपानी लोकांनीं ‘कॉसप्ले’ असें नांव दिलें. मूळ मात्र न्यूयॉर्कास सांपडतें. १९३९ सालीं तेथें विज्ञानकथांच्या चाहत्यांची पहिली जागतिक परिषद भरली, तेव्हां फॉरेस्ट ॲकरमन व मर्टल डग्लस हीं दोघें भविष्यकाळांतील माणसांचे पोशाख घालून आलीं. दोन्ही पोशाख मर्टलबाईंनीं तयार केले होते. कीर्ति मात्र बरीचशी ॲकरमनसाहेबांच्या वांट्यास गेली. आपल्या देशांत कॉमिक कॉन प्रथम २०११ सालीं दिल्लीस भरली. तथापि आवडत्या पात्रासारखें नटण्याची हौस आपल्या घरांस नवी आहे असें कोणी म्हणूं नये. बालगंधर्व रंगभूमीवर ज्या तऱ्हेनें लुगडें नेसत व गजरा माळीत, ती तऱ्हा कुलीन स्त्रियांनीं उचलली, हें सर्वश्रुत आहे. पुरुषानें स्त्रीवेष घ्यावा आणि तो पाहून स्त्रियांनीं नेसण्याचे धडे घ्यावे, याहून मोठी गंमत आम्हांस या मेळ्यांतही आढळली नाहीं.

घरांतील तिढा सोडविला तो आमच्या मातुःश्रींनीं. “मी बरोबर येतें, मग पाहूं कोण काय करतो तें,” एवढेंच त्या म्हणाल्या. आजी जाणार म्हटल्यावर भाऊंस घरीं बसवेना, भाऊ निघाल्यावर आम्हांस बसवेना, आणि शेवटीं नऊ माणसांची तयारी झाली.

पुतणीनें निवडलेलें पात्र म्हणजे हायाओ मियाझाकी यांच्या १९९७ सालच्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’ या जपानी चित्रपटांतील सान, लांडग्यांनीं वाढविलेली रानकन्या. तिला तांबडा मुखवटा लागतो. असा मुखवटा पैसे टाकिले म्हणजे घरपोंच येतो; परंतु ज्या पेणचे गणपति देशोदेशीं जातात, त्या गांवच्या माणसांनीं मुखवटा विकत घ्यावा हें तिच्या पेणच्या काकूंस मुळींच रुचलें नाहीं. ओळखीच्या एका मूर्तिकारांकडून शाडू आला. पाटावर चेहरा उठविला, तो सुकूं दिला, आणि त्यावर जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या बसविल्या. पहिला थर नुसत्या पाण्यांत भिजवून लावावयाचा, म्हणजे कागद मातीस धरीत नाहीं. पुढचे थर खळीनें, एक सुकला कीं दुसरा. पहिला मुखवटा मुलीनें घाईनें ओढून काढला व तो कपाळाशीं दुमडला. दुसरा स्वच्छ उतरला. डोळ्यांची आखणी मूर्तिकारांनींच करून द्यावी असें सर्वांस वाटत होतें. पण त्यांनीं कुंचला तिच्याच हातीं दिला व आपण शेजारीं उभे राहिले. त्या दोन डोळ्यांस तिला तीन संध्याकाळ लागल्या. अंगावरच्या केसाळ पांढऱ्या झुलीस आजींनीं मलमलीचें अस्तर घातलें, कारण चैत्राच्या उन्हांत लांडग्याचें कातडें पांघरणें हें सोपें काम नव्हे.

रोह्याची मंडळी पहाटेच्या गाडीनें निघाली, पेणला आम्ही त्याच डब्यांत चढलों, आणि दिवा स्थानकावर गाडी बदलून कुर्ल्यास उतरलों. मेळ्याच्या दारांत शस्त्रांची तपासणी होते; पुतणीचा सुरा पुठ्ठ्याचा असल्यामुळें सुटला. आंत शिरल्यावर आजींनीं पात्रांचीं नांवें विचारण्याच्या भानगडींत न पडतां सरळ शिवणी पाहावयास आरंभ केला. चिलखत ल्यालेल्या एका तरुणास त्यांनीं, टांका न घालतां हे तुकडे जोडलेस कसे, असें विचारतांच तो गुडघ्यांवर बसला व फोमचे पत्रे कसे कापले, तापवून कसे वांकविले, गोंदानें कसे सांधले, हें सर्व त्यानें उलगडून दाखविलें. इतका वेळ तो नातवंडांशीं तरी बोलला असता कीं नाहीं, कोण जाणे!

आतां भाऊंच्या मुख्य शंकेविषयीं. वेष म्हणजे संमति नव्हे, अशा अर्थाचे फलक न्यूयॉर्कच्या मेळ्यांत २०१४ सालीं लागले, आणि विचारल्यावांचून छायाचित्र घेऊं नये हा शिष्टाचार चाहत्यांत पुष्कळ रुजला आहे. आम्हीं पाहिलें त्यांत बहुतेकांनीं आधीं विचारलें. एकानें विचारलें नाहीं. आजींनीं त्यास हटकलें, तेव्हां त्यानें क्षमा मागून चित्र पुसून टाकलें. परंतु विचारून घेतलेलें चित्रही पुढें कोठें जातें हें कोणास ठाऊक? भाऊंचें म्हणणें तेवढ्यापुरतें खरेंच राहतें. चित्र काढतांना मुलगी दर खेपेस मुखवटा चढवी, हें त्यांच्या ध्यानांत आलें, आणि हेंच पात्र कां निवडलेंस, असें त्यांनीं तिला तेथेंच विचारलें. “तुम्ही काय म्हणाल तें मला आधींच ठाऊक होतें, भाऊ,” ती म्हणाली. भाऊ त्यावर कांहीं बोलले नाहींत. तिची पाण्याची बाटली मात्र त्यांनीं दिवसभर आपल्याच खांद्याला अडकविली.

खर्चाचें म्हणाल तर मुखवट्यास फारसा पैसा लागला नाहीं. नऊ तिकिटें व आंतील उपाहार यांनीं थैली हलकी केली. मोठ्या कुटुंबांनीं सर्वांनीं मिळून जाण्याऐवजीं मुलांबरोबर दोघां वडील माणसांस धाडावें, त्यांत एक तरी शिवणकाम जाणणारें असावें, आणि वृद्धांस मध्यें मध्यें बसावयास जागा आधींच पाहून ठेवावी. मुखवटा करावयाचा असल्यास तो शिमग्याच्या सुमारास हातीं घ्यावा. पावसाळ्यांत कागदाचे थर सुकत नाहींत. आमच्याकडे पुढच्या खेपेसाठीं धाकट्या दोघांनीं आतांच नांवें सांगितलीं आहेत, आणि त्यांपैकीं एकास दहा तोंडांचा रावण हवा आहे.