रूटला साधा शेलच बरा!

रूटचा शेल बदलायची खाज मलाही होती. लॅबच्या फ्रीबीएसडी मशीनवर रूटला बॅश दिला. पुढच्या अपग्रेडमध्ये बॅशला लागणारी एक लायब्ररी उडाली आणि रूटचं लॉगिनच बंद! शेवटी सिंगल यूजर मोडमधल्या साध्या एसएचनेच वाचवलं. त्याला बाहेरचं पॅकेज लागतच नाही.

आमच्या तलासरीच्या घरी इन्व्हर्टर आला, तरी आजीने कंदील टाकला नाही. शेजारी डहाणूला 500 मेगावॅटचं वीजकेंद्र, पण लाइट जायची ती जातेच! रूटचा शेल म्हणजे तो कंदील. 2023 च्या फ्रीबीएसडी 14 पासून रूटला मुळातच एसएच असतो. दोस्तहो, बॅशची हौस स्वतःच्या अकाउंटवर भागवा की!