शो मागावा का?

लक्ष्मीपूजनाच्या रात्री सोलापुरात आमच्या घरी तीनपत्ती बसते. यंदा माझ्या हाती राण्यांची जोडी आली. आणि मेव्हण्यांनी पाने पाहून जवळचे सगळे ५०० रुपये लावले! डावात १,५०० झाले. मी ५०० टाकून शो मागितला, तर चारांत एकदा जिंकूनही बरोबरी. ५२ पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारांनी येतात. पैकी १६,४४० प्रकारांत साधी जोडीही नसते. पण हा हिशेब ब्लाइंडचा. पाने पाहून खिसा रिकामा करणारा गृहस्थ निराळा! मेव्हणे थापा मारताना फार बोलतात. आज मात्र मुकाट्याने भाकरी-शेंगाचटणी खात होते. सौ.ने डोळे वटारले. मी ५०० टाकले. त्यांच्याकडे बदामराणी निघाली, तीही एकटीच.