इमारत मागे सरकवण्याचा खर्च

मागील वर्षी हिवाळ्याच्या सुमारास माझ्या टेबलावर एक कर्जप्रस्ताव आला. कोकणातील एका किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालण्यासाठी येतात. तेथे पर्यटकांसाठी ‘निसर्ग परिचय केंद्र’ उभारण्याची ती योजना होती. प्रस्ताव मांडणारी मंडळी गावातीलच, शिकलेली आणि निसर्गाविषयी मनापासून आस्था असणारी. प्रकल्प अहवालही देखणा होता. छतावर सौर पॅनेल, पावसाच्या पाण्याची साठवण, जांभ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौले, बांबूचे फर्निचर. शेवटच्या पानावर इमारतीचे रंगीत चित्र होते आणि त्या चित्रात समुद्राकडे तोंड केलेली दोन मजली उंचीची काचेची दर्शनी भिंत. चित्र तिन्हीसांजेचे असल्याने आतील दिव्यांचा सोनेरी उजेड थेट वाळूपर्यंत पोहोचलेला दाखवला होता.

चित्रकाराने तो उजेड शोभेसाठी काढला असणार. माझी नजर मात्र तेथेच अडली.

कासवाची मादी वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. पुढे साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात, बहुधा रात्री. त्यांना समुद्राची वाट दाखवायला कोणी नसते. झाडाझुडपांच्या काळोखापेक्षा पाण्याकडील क्षितिज किंचित उजळ असते, तेवढ्याच खुणेवर ती धावतात. किनाऱ्यावर त्याहून ठळक दिवा असेल तर ती दिव्याकडे जातात. हे मला पुस्तकातून कळले असते तर बरे झाले असते. पण ते तसे कळलेले नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी दुसऱ्या एका किनाऱ्यालगतच्या शाखेत होते. तेथे एका छोट्या निवास-न्याहरी व्यवसायासाठी कर्जाची शिफारस मी केली होती. जमिनीचे कागद स्वच्छ, तारण पुरेसे, परवानग्या जोडलेल्या, कर्जदार कष्टाळू. जागेची पाहणीही केली होती, अर्थात दिवसाउजेडी. काही वर्षांनी त्या गावी लग्नानिमित्त गेले असता एका परिचित मावशींनी सहज बोलता बोलता सांगितले की अंगणातील हॅलोजनच्या उजेडामागे पिल्ले वर रस्त्यापर्यंत येतात आणि सकाळी ती कावळे टिपतात. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. पावसाविषयी बोलावे तसे त्या बोलत होत्या. त्या कर्जखात्याचा एकही हप्ता कधी थकला नाही. बँकेच्या परिभाषेत ते उत्तम कर्ज होते, आणि माझ्या नावावरील चांगल्या कामांत त्याची नोंद आहे.

म्हणून या नव्या प्रस्तावाकडे मी जरा अधिक चिकित्सेने पाहिले, हे मान्य करते. कायद्याची बाजू तपासली. किनारपट्टी नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ ची, त्यानंतर २०११ ची आणि पुढे २०१९ ची. कासवांची अंडी घालण्याची ठिकाणे त्यात सर्वांत संवेदनशील गटात येतात. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत बांधकामास सर्वसाधारणपणे मनाई आहे. प्रस्तावित इमारत त्या रेषेच्या जेमतेम बाहेर होती. म्हणजे नियमाप्रमाणे सर्व ठीक. पण जागा उंचवट्यावर होती, मधली झाडे ‘दृश्य मोकळे करण्यासाठी’ काढायची होती, आणि मीटरने मोजलेली मर्यादा उजेडाला ठाऊक नसते.

या ठिकाणी वाचकांना एका दूरच्या बेटावर न्यावेसे वाटते. माझी थोरली बहीण ऑस्ट्रेलियात मेलबर्नला राहते. तिच्याकडे गेले असताना तिने आम्हाला फिलिप बेटावर नेले. मेलबर्नहून दोन तासांचा रस्ता, शेवटी समुद्रावरील पूल. या बेटाच्या पश्चिम टोकाला, समरलँड नावाच्या भूशिरावर, जगातील सर्वांत लहान जातीचे पेंग्विन राहतात. उंची वीतभर-दीड वीत, वजन किलोभर. दिवसभर समुद्रात मासे पकडून ते सूर्यास्तानंतर टोळ्याटोळ्यांनी वाळूवर येतात आणि लगबगीने आपापल्या बिळांकडे चालू लागतात. हे दृश्य पाहण्यासाठी लोक १९२० च्या दशकापासून तेथे येत आहेत. त्या काळी गावकरी हातात विजेरी घेऊन पाहुण्यांना नेत असत. पुढे गर्दी वाढली, घरे आली, मोटारी आल्या, कुत्री आणि कोल्हे आले. बेटावरील पेंग्विनांच्या इतर वसाहती एकेक करून नष्ट झाल्या आणि या टोकाची एकच उरली.

त्यानंतर जे घडले ते वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला विचारात पाडणारे आहे. १९८५ साली व्हिक्टोरिया राज्य सरकारने त्या भूशिरावरील संपूर्ण निवासी वसाहत टप्प्याटप्प्याने विकत घेण्याचे ठरवले. एकेक घर, एकेक भूखंड घेत घेत हे काम २०१० साली पूर्ण झाले. पंचवीस वर्षे! घरे उतरवली, रस्ते काढले आणि तेथे पुन्हा स्थानिक झाडोरा वाढवला.

गोष्ट येथेच संपत नाही. १९८८ साली पर्यटकांसाठी जे केंद्र बांधले गेले होते, ते वाहनतळासह पेंग्विनांच्या वावराच्याच जमिनीवर होते. बांधणाऱ्यांचा हेतू उत्तम होता, लोकांना निसर्ग कळावा हाच. तरीही पेंग्विनांच्या दृष्टीने ते एक अतिक्रमणच ठरले. अखेर सुमारे ५ कोटी ८० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चून नवे केंद्र बांधले, तेही पेंग्विनांची बिळे असलेल्या जमिनीबाहेर. ते २०१९ च्या जुलैत खुले झाले. जुने केंद्र पाडून टाकले आणि ६.७ हेक्टर जमीन पेंग्विनांना परत देण्याचे काम हाती घेतले.

नवी इमारत ‘टेरॉयर’ या वास्तुरचना संस्थेची आहे. वरून पाहिल्यास तारकेसारखी, आत लाकडाचा उबदार वापर. सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु माझ्या लक्षात राहिल्या त्या दुसऱ्याच गोष्टी. बिळांच्या वरून, जमिनीला न दुखवता नेलेले उंच लाकडी पायमार्ग. सूर्यास्तानंतर छायाचित्रणास सक्त बंदी. भ्रमणध्वनीसुद्धा बाहेर काढायचा नाही. प्रेक्षकांच्या बैठकीजवळ मंद पिवळसर दिवे. निघताना गाडीखाली पेंग्विन बसलेला नाही ना हे वाकून पाहण्याची सूचना (माझ्या भाच्याने ती चार वेळा पाळली). याच बेटावर शिअरवॉटर नावाचे स्थलांतरित समुद्रपक्षी घरटी करतात. त्यांची पिल्ले प्रथमच उडू लागतात त्या दिवसांत पुलावरील दिवे रात्री बंद ठेवतात, असेही बहिणीने सांगितले. एका पक्ष्यासाठी पुलावर काळोख! आपल्याकडे असे सुचवणाऱ्याला सभेतून उठवतील.

पर्यावरणपूरक वास्तुरचनेविषयी आपल्याकडे बोलले जाते तेव्हा चर्चा सामानाची होते. सिमेंट की माती, वीज किती वाचली, पाणी किती मुरले. हे सर्व महत्त्वाचेच. परंतु वन्यजीवांच्या दारात उभ्या राहणाऱ्या इमारतीला पहिला प्रश्न विचारायचा तो जागेचा. इमारत कोठे असावी, तिचे तोंड कोणीकडे असावे, आणि मुळात ती तेथे असावी का? जागा चुकली की उत्तमोत्तम साहित्यही ती चूक भरून काढू शकत नाही. सौर विजेवर लागलेला दिवासुद्धा कासवाच्या पिल्लाला तितकाच फसवतो.

रिझर्व्ह बँकेने १ जून २०२३ पासून हरित ठेवींची चौकट लागू केली आहे. त्या निधीतून कोणत्या कामांना अर्थसाहाय्य देता येईल त्या यादीत हरित इमारतीही आहेत आणि जैवविविधतेचे संवर्धनही आहे. ही आपल्या क्षेत्रासाठी स्वागतार्ह गोष्ट होय. माझी शंका एवढीच की पहिल्या मथळ्याखालील एखादे कर्ज दुसऱ्या मथळ्यावर पाय देऊन उभे राहील, आणि आपल्या तपासणी सूचीत ते पकडणारा रकानाच नसेल.

हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर १९८८ चे ते केंद्र एकतीस वर्षांत निकाली निघाले. इमारतीचे आयुष्य आपण घसाऱ्याच्या तक्त्यावरून ठरवतो. तेथे ते पेंग्विनांनी ठरवले. चूक दुरुस्त करायला ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी ती केली. व्हिक्टोरियाच्या तिजोरीने पंचवीस वर्षे भूखंड विकत घेतले, तशी ऐपत कोकणातील कोणत्या ग्रामपंचायतीची आहे? ऐपत नाही म्हणूनच आपण पहिल्या खेपेसच योग्य जागी बांधले पाहिजे. काटकसर हा शब्द येथे अगदी शब्दशः लागू पडतो.

आणि त्यासाठी ऑस्ट्रेलियाला जाण्याचीही गरज नाही. किनाऱ्यावरील कोणत्याही जुन्या गावात जाऊन घरांची ठेवण पाहावी. घराचे तोंड रस्त्याकडे. मागे नारळ-पोफळीची वाडी. वाडीच्या टोकाला केवडा, उंडी, मग वाळू आणि मग समुद्र. समुद्र पाहण्यासाठी आपल्या पूर्वजांनी घरे बांधली नाहीत. खारा वारा, उधाण आणि सरकणारी वाळू यांचा अनुभव घेऊनच त्यांनी ते अंतर राखले. ते अंतर मोकळे सोडले म्हणून कासवांना काळोख मिळाला. तसा हेतू कोणाचा नव्हता. आज आपण ‘सी व्ह्यू’च्या हव्यासापायी नेमके तेच विकून टाकीत आहोत.

मंडणगड तालुक्यातील वेळास, नाना फडणवीसांचे मूळ गाव, हे तर या विषयातील आपले स्वतःचे विद्यापीठ म्हणावे लागेल. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तेथे कासव संरक्षणाचे काम सुरू केले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. अंडी कुंपण घातलेल्या सुरक्षित जागेत नेऊन पुरली जातात, पिल्ले सकाळ-संध्याकाळ सोडली जातात आणि पर्यटक गावकऱ्यांच्या घरी राहून मोदकासह घरचे जेवण जेवतात. पाहुण्यांसाठी निराळी इमारत न बांधता गावातील पडव्या आणि माजघरे कामी आली. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीचा सारा पट्टा झोडपला. जाळी आणि बांबूचे कुंपण वादळानंतर पुन्हा घालता येते. वाळूच्या काठावरील काँक्रीट कोसळले की त्याच्यासोबत कर्जाचे तारणही जाते, हे शाखाधिकाऱ्यांना सांगण्याची आवश्यकता नाही.

घरगुती मुक्कामाची ही पद्धतही निर्दोष नाही. शनिवार-रविवारी माणसांचा लोंढा आला की शौचालये अपुरी पडतात, सांडपाणी ओढ्याला जाते, गाड्या वाळूत उतरतात. म्हणून इमारत नकोच, असे माझे म्हणणे नाही. पर्यटक केंद्राची खरी वास्तुरचना म्हणजे शौचालय, वाहनतळ आणि दिवे. प्रदर्शनाचे दालन नंतर. अहवालात मात्र या तिघांना मिळून अर्धे पान होते आणि काचेच्या भिंतीला सहा पाने.

प्रस्तावकर्त्यांना मी बोलावून घेतले. त्यांच्यातील एक तरुण स्पष्टवक्ता होता. “मॅडम, लोक समुद्र बघायला येतात, माडाच्या झावळ्या बघायला नाही. केंद्र आत गावात नेलं तर तिकीट कोण काढणार?” त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. मुंबईची नोकरी सोडून परतलेल्या मुलाने उत्पन्नाचा विचार करू नये, असे आपण कोणत्या तोंडाने सांगावे? मी त्याला फिलिप बेटाची हकिगत सांगितली. तो म्हणाला, त्यांना सरकारने पैसे दिले. तेही खरेच होते.

त्यानंतर तीन महिन्यांनी मंडळी नवा आराखडा घेऊन आली. केंद्र आता वाडीच्या मागे, गावाच्या बाजूला, बंद पडलेल्या भातगिरणीच्या जागेवर आहे. तेथून वाळूपर्यंत दहा मिनिटांची पायवाट, ज्येष्ठ नागरिकांसाठी दिवसा बॅटरीवरील रिक्षा. काचेची भिंत गेली, खिडक्या गावाकडे उघडतात. गिरणीच्या जुन्या भिंती वापरल्याने बांधकामाचा खर्च घटला आहे. परंतु पर्यटकसंख्येचा अंदाजही त्यांनी स्वतःच खाली आणला आहे, त्यामुळे परतफेडीच्या क्षमतेचे गुणोत्तर कसेबसे निकषात बसते. मी परतफेडीची मुदत वाढवून शिफारस केली. वरिष्ठ कार्यालयाकडून अपेक्षित प्रश्न आला आहे: आधीच्या अहवालापेक्षा उत्पन्न कमी दाखवणारी जागा कर्जदाराने का निवडली आणि शाखेने तिला संमती का दिली, याचा खुलासा करावा.

खुलासा लिहिण्यापूर्वी एकदा रात्री पाहणी करावी असे ठरवले. गेल्या आठवड्यात साडेनऊच्या सुमारास मी वाळूवर उभी राहून गावाकडे पाहिले. गिरणीची जागा कोठे आहे हे सांगूनही ओळखता आले नाही, इतका वाडीचा पडदा दाट आहे. रस्त्यावरील ग्रामपंचायतीचा एक दिवा मात्र माडांच्या फटीतून लख्ख दिसत होता. त्याचे तोंड खाली वळवून वर पत्र्याची टोपी बसवता येईल का, हे विचारण्यासाठी सोमवारी सरपंचांकडे जायचे आहे.