घरची बंदूक आणि वयात येणारा मुलगा

पन्हाळ्याच्या व जोतिबाच्या डोंगरास ज्यांची शिवारे लागून आहेत, त्या शेतकरी बंधूंस रानडुकराची ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या की कळप उतरतो आणि चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत उकरून टाकतो; ऊस दाट झाला म्हणजे त्यास दिवसाही आडोसा मिळतो. ह्याच कारणास्तव अशा शिवारांतील काही घरांतून राखणीसाठी परवान्याची बंदूक वडिलार्जित चालत आली आहे. पुढे बापाचे गुडघे धरतात, जागरण सोसवत नाही, आणि एके रात्री पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा ती बंदूक घेऊन माळ्यावर जातो. हे योग्य की अयोग्य, ह्याचा विचार आपल्या वर्गाने उघडपणे करावयास हवा.

ह्या बाबतीत दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, बंदूक कपाटाच्या माथ्यावर लपवावी आणि मुलापुढे तिचे नावही काढू नये. दुसरा म्हणतो, आपण बापाच्या मागे हिंडून शिकलो, तसा मुलगाही शिकेल. आमच्या मते दोन्ही पक्ष चुकतात. घरातील लपविलेली वस्तू मुलास ठाऊक नाही, असे घर आम्ही पाहिलेले नाही. आणि न शिकलेला हात चोरून बंदुकीस लागला, तर अनर्थास वेळ लागत नाही. उलटपक्षी, शिकण्याआधी राखणीस धाडलेला मुलगा अंधारात हलणाऱ्या उसावर बार टाकतो; त्या उसामागे डुक्कर आहे की पाणी पाजणारा शेजारी, हे त्यास दिसत नसते. म्हणून मुलास शिकवावे अवश्य, परंतु राखणीस धाडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमची उभी नोकरी महसूल खात्याच्या कारकुनीत गेली, तेव्हा कायद्याचे दोन शब्द सांगणे आमच्याकडून अपेक्षित असणारच. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. ती अपुरी पडते अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही मिळू शकते. मात्र परवाना हा माणसाचा असतो, घराचा नव्हे. एकवीस वर्षे पूर्ण न झालेल्यास बंदूक बाळगण्याची मनाई आहे. मुलास धाडणारा बाप मुलालाही गुन्ह्यात ओढतो आणि आपला परवानाही गमावून बसतो. परवानाधारक मयत झाल्यास वारसाने बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाची असते. ‘बापाची होती, आता माझी’ हा हिशेब सात-बाराच्या वारसनोंदीसही लागू पडत नाही, मग बंदुकीस कोठून लागावा? आणि वरातीत बार उडविण्याची हौस असणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे की, २०१९ च्या दुरुस्तीनंतर जिवास धोका होईल अशा त्या हौसेस दोन वर्षांपर्यंत कैद अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

तथापि हाच कायदा शिकण्याची वाट बंद करीत नाही. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास जाणत्या प्रौढाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली नेमबाजीचे शिक्षण घेता येते. ह्या सवलतीचा उपयोग आपला वर्ग फारसा करीत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

शिक्षणाचा आरंभ घरी व्हावा, आणि तो बार न काढता व्हावा. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असेच समजावे, मग ती आपण स्वतः रिकामी केलेली का असेना. नळीचे तोंड ज्यास मारावयाचे नाही त्याच्याकडे, थट्टेतसुद्धा, वळवू नये. नेम पक्का होईपर्यंत बोट चापावर नसावे. आणि निशाण काय आहे व त्याच्यामागे काय आहे, हे दोन्ही दिसल्याशिवाय बार काढू नये. बावीस बोअरच्या लहान गोळीचा पल्लासुद्धा दीड किलोमीटरच्या घरात असतो, आणि कातळावर वा पाण्यावर आपटून ती भलतीकडे वळते. ठासणीची बंदूक भरलेली आहे की नाही हे डोळ्यांस दिसत नाही. त्यासाठी रिकाम्या नळीत गज तळापर्यंत घालून नळीच्या तोंडाशी गजावर खूण करून ठेवावी. पुढे गज घातल्यावर खूण वर राहिली, तर आत बार आहे असे समजावे. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी निर्धोक दिशेस धरून निदान एक मिनिट थांबावे. आत डोकावून पाहणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण. बांध ओलांडताना बंदूक भरलेली नसावी. बंदूक एका कुलपात, दारू-काडतुसे दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या परवानाधारकापाशी असाव्यात. एवढे ज्या मुलाच्या अंगवळणी पडले नाही, त्याने निशाणापुढे उभे राहू नये.

पुढचे शिक्षण मैदानावर व्हावे. ह्या बाबतीत आपला जिल्हा भाग्यवान आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे पन्नास मीटर रायफल प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. राही सरनोबत ह्यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाच्या नेमबाजीत सुवर्णपदक मिळविले. आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे ह्यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणले. त्यांपैकी दोन स्त्रिया आहेत, हे मुलींच्या बापांनी लक्षात घ्यावे. दहा मीटरच्या हवाई रायफलीत दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो साधण्यास श्वास आवरावा लागतो आणि मन स्थिर ठेवावे लागते. असे शिकलेला मुलगा उद्या परवान्याच्या वयास आला, तर त्याच्या हाती बंदूक देताना बापाचा जीव कापणार नाही. ज्या शाळेत राष्ट्रीय छात्रसेना आहे, तेथेही छात्रांस रायफलीची ओळख शिस्तीने होते.

राहिला प्रश्न शिकारीचा. संस्थानी काळी दाजीपूरचे रान शिकारीचे होते. १९५८ साली तेच गव्यांचे अभयारण्य झाले. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली हौसेची शिकार संपली, ती संपलीच. ‘साधी छर्‍याची बंदूक आहे’ म्हणून होले वा ससे मारणारा मुलगाही त्याच कायद्याखाली येतो. पीक नासणाऱ्या रानडुकराबाबत वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळू शकते. परंतु ते काम परवानगीतील अटींनी, प्रौढाने करावयाचे असते. मुलाच्या हातास सराव व्हावा म्हणून ते नसते.

कोणी म्हणेल, हे सर्व ठीक, पण आज रात्री राखण कोणी करावी? प्रश्न रास्त आहे. ज्याचे पीक गेले त्यास उपदेशाने पोट भरत नाही. त्यावर आमची सूचना अशी की, लगतच्या शिवारांतील शेतकऱ्यांनी प्रौढांच्या पाळ्या लावाव्यात, परवानगीचा अर्ज एकत्र करावा, आणि नुकसान होताच वनखात्यास कळवून पंचनामा करून घ्यावा; भरपाईचा कागद पंचनाम्यावाचून हलत नाही. गावठी बॉम्ब आणि कुंपणात सोडलेली वीज ह्यांच्या वाटेस कोणी जाऊ नये. त्यांना डुक्कर, आपली म्हैस आणि शेजाऱ्याचे पोर ह्यांतील भेद कळत नाही.

शेवटी आपल्या मंडळास विनंती. खरिपापूर्वी बियाण्यांची व खतांची व्याख्याने होतात, तसा एक दिवस परवानाधारक सभासदांच्या मुलामुलींसाठी ठेवावा. जाणता नेमबाज बोलवावा. बार एकही काढू नये, केवळ नियम शिकवावेत. खर्च चहापाण्याहून अधिक नाही. नासलेले पीक पुढील हंगामी पुन्हा उभे करता येते. एका चुकलेल्या बाराने गेलेले माणूस कोणत्याही हंगामी परत येत नाही.