दाराच्या खाचेतली नाणी

दिवाळी हा देण्याघेण्याचा सण. भाऊ ओवाळणी घालतो, शेजारीण फराळाचे ताट पाठवते, आणि ते ताट आपण रिकामे परत करीत नाही. आपल्या चार करंज्या, दोन लाडू घालूनच ते शेजारी जाते. हे ताटाचे शास्त्र कोणी रचले कोण जाणे, पण ज्याने रचले त्याला माणसाचे मन पुरते ठाऊक होते. ताट भरलेले परत जाते म्हणून देणारी मोठी होत नाही आणि घेणारी लहान होत नाही.

उंबऱ्याबाहेर पडले की मात्र हे शास्त्र आपण विसरतो. एखाद्या आजाऱ्याला दोन केळी द्यायला सात माणसे जातात, आठवा फोटो काढतो. केळ्याच्या एका टोकाला सात हात, दुसऱ्या टोकाला सलाइन लावलेला एक. आणि हसायचे असते ते त्या एकाने! वह्यावाटप असो, साडीवाटप असो, चित्र हेच. देणाऱ्याचे नाव फलकावर, घेणाऱ्याचा चेहरा वर्तमानपत्रात.

मराठी शिकवणे हा माझा व्यवसाय, तेव्हा कुठल्याही गोष्टीत आधी शब्दाकडे लक्ष जाते. आपल्याकडे देण्याचे शब्द थोडे नाहीत. दान, धर्म, भिक्षा, देणगी, वर्गणी, उपकार, मदत. पण 'दान' म्हटले की घेणारा हात खाली येतो, आणि 'उपकार' म्हटला की मानही खाली जाते. ज्यू लोकांच्या हिब्रू भाषेत यासाठी 'त्सदाका' असा शब्द आहे. त्याचा धातू दयेचा नाही, न्यायाचा आहे. भुकेल्याला भाकर दिली म्हणजे त्याच्यावर दया केली असे नव्हे. त्याचे होते ते त्याला पोचते केले. शेताची कड कापायची नाही, पडलेली कणसे उचलायची नाहीत, तो वाटा गरिबाचा, असा त्यांच्या धर्मग्रंथाचा दंडक आहे. आपल्याकडे सरवा वेचतात ना, तसेच. गरिबाने यावे आणि आपल्या हाताने घेऊन जावे. त्याच्या ओंजळीत टाकायला मालकाने तिथे उभे राहण्याचे कारण नाही.

याच लोकांच्या तालमूद नावाच्या ग्रंथात मार उकवा नावाच्या एका विद्वानाची गोष्ट आहे. त्याच्या शेजारी एक गरीब राहत असे. मार उकवा रोज येताजाता त्याच्या दाराच्या खाचेत चार नाणी टाकी आणि पुढे जाई. एके दिवशी गरिबाच्या मनात आले, हा आहे तरी कोण, आज पाहायचेच. नेमका त्या दिवशी मार उकवाला अभ्यासगृहातून निघायला उशीर झाला होता आणि त्याची बायकोही बरोबर होती. दोघे दारापाशी वाकतात तोच दार उघडले. झाले! हा विद्वान आणि त्याची बायको दोघेही चोरासारखे पळत सुटले, मागे तो गरीब. शेवटी दोघे एका भट्टीत शिरून लपली. भट्टीतले निखारे नुकतेच काढलेले. मार उकवाचे पाय पोळू लागले. बायको म्हणाली, "माझ्या पायांवर पाय ठेवा." तिचे पाय पोळत नव्हते! पंडित खट्टू झाला. तेव्हा तिने त्याची समजूत घातली, ती अशी : मी घरात असते. दारी आलेल्याला मी तयार अन्न देते, ते तत्काळ पोटात जाते. तुमची नाणी घेऊन त्याला अजून बाजारात जायचे असते.

मला या गोष्टीत दोन गोष्टी दिसतात. घेणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून देणाऱ्याने भट्टीत उडी घेणे ही एक. आणि पैसा देणाऱ्यापेक्षा वेळेवर, समोर, हाताने काही करणाऱ्याचे पुण्य कांकणभर जास्त, ही दुसरी. ज्यू समाजाच्या साऱ्या सेवाकार्याचा इतिहास या दोन टोकांमध्ये बसवता येईल असे मला वाटते.

पण नुसत्या सद्‌भावनेवर त्यांनी काम सोडले नाही. जुन्या काळापासून त्यांच्या वस्तीत दोन व्यवस्था असत. एक आठवड्याची पेटी, तिला 'कुप्पा' म्हणत. दुसरी रोजच्या शिजल्या अन्नाची, ती 'तमहुई'. पेटीचे पैसे दोघांनी मिळून गोळा करायचे, एकट्याने कधीच नाही. आणि वाटायचे तिघांनी, कारण कोणाला किती हे ठरवणे म्हणजे निवाडा करणे, आणि निवाड्याला तीन माणसे लागतात. शिवाय जो मदतीवर जगतो त्यानेही आपल्या मिळकतीतून थोडे दुसऱ्याला दिले पाहिजे, असा नियम. वरवर पाहता हा नियम निर्दय वाटेल. पण विचार केला की कळते, हे तर आपले फराळाचे ताट! गरिबाचे ताटही रिकामे परत जाऊ नये, एवढीच त्यातली माया.

बाराव्या शतकात मैमोनिदीज नावाच्या एका मोठ्या धर्मशास्त्र्याने, जो व्यवसायाने वैद्य होता, देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत खालची पायरी कपाळाला आठ्या घालून देणाऱ्याची. सर्वांत वरची कोणाची? भरपूर देणाऱ्याची नव्हे, गुप्तपणे देणाऱ्याचीही नव्हे; तिचा क्रमांक दुसरा. सर्वांत वरची पायरी कर्ज देऊन, धंद्यात भागी करून घेऊन किंवा काम मिळवून देऊन माणसाला असा उभा करणाऱ्याची, की पुन्हा त्याला कोणाकडे मागायची पाळीच येऊ नये.

हे सारे ग्रंथात राहिले असते तर मी हा लेख लिहिला नसता. ते संसारात कसे उतरले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात रिबेका ग्रॅट्झ (1781–1869) नावाची एक बाई होऊन गेली. घर सुखवस्तू, स्वतः अविवाहित. बहीण वारली तेव्हा तिची सहा मुले हिनेच वाढवली. त्या काळी गरीब ज्यू बायकांची मोठी अडचण होती. मदत करणाऱ्या संस्था होत्या, पण मदतीच्या पोळीबरोबर धर्मांतराचे लोणचेही ताटात येई. 1819 मध्ये रिबेकाबाईंनी आपल्या परिचयातल्या बायका जमवून ज्यू स्त्रियांची साहाय्यक संस्था काढली. 1838 मध्ये मुलांसाठी रविवारची शाळा काढली आणि 1855 मध्ये निराधार मुलांसाठी घर. आपल्याकडे अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम निघाला 1896 मध्ये आणि रमाबाई रानड्यांचे पुण्याचे सेवासदन 1909 मध्ये. या सर्वांची जातकुळी एकच. घर चालवण्याची जी अक्कल बाईला असते, कोणाला काय दुखते, कोण मागणार नाही पण उपाशी आहे, ती अक्कल घराबाहेर आणून शहराला लावायची.

पुढे पूर्व युरोपातून ज्यू कुटुंबांचे लोंढे न्यूयॉर्कला येऊ लागले. 1892 मध्ये तिथे काही मंडळींनी 95 डॉलर जमवून बिनव्याजी कर्ज देणारी संस्था काढली. कोणाला शिवणयंत्र घ्यायचे, कोणाला हातगाडीवर माल भरायचा. व्याज नाही, अट एवढीच, की फेडीची हमी घेणारा कोणी हवा. घेणारा याचक नव्हे, ऋणको. आणि फेडल्यावर तर तोही नव्हे! मैमोनिदीजची सर्वांत वरची पायरी ती हीच. संस्था अजून चालू आहे.

त्याच शहरात आणखी एक प्रश्न उभा राहिला. नव्या देशात हाल सोसवेनात म्हणून कित्येक नवरे बायकामुलांना टाकून नाहीसे होऊ लागले. अशा घरांना महिन्याचे धान्य देऊन भागत नव्हते. म्हणून 1911 मध्ये अशा पळालेल्या नवऱ्यांना शोधून काढणारी एक स्वतंत्र कचेरीच उघडण्यात आली. तिथल्या यिडिश भाषेच्या वर्तमानपत्रात त्यांची छायाचित्रे ओळीने छापून येत. आमच्या घरी मी हे वाचून दाखवले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बरी अद्दल! फोटो छापायचे ते असे." खरेच, फोटो कोणाचा छापावा याचा एवढा अचूक निर्णय मी दुसरीकडे पाहिला नाही. घेणारीचा चेहरा झाकलेला, टाळणाऱ्याचा उघडा.

तुम्ही म्हणाल, हे सारे परमुलखातले झाले. पण ज्यू म्हणजे आपल्याला परके नव्हेत. कुलाब्याच्या किनाऱ्यावर, नवगावला, फुटलेल्या गलबतातून आपले पूर्वज उतरले असे सांगणारे बेने इस्राएल लोक कित्येक पिढ्या मराठीच बोलत आले आहेत. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. केहीमकर, दिवेकर अशी गावांवरून पडलेली त्यांची आडनावे. नवस फेडायचा तर पोहे, खोबरे, गूळ आणि फळे यांचा मलिदा करायचा, हा त्यांचा रिवाज कोकणच्या मातीशिवाय दुसरीकडे कुठे उगवला असता?

अलिबागला जन्मलेल्या हाइम सॅम्युएल केहीमकरांनी आपल्या भावांच्या मदतीने 1875 मध्ये मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा म्हणून नावारूपाला आली. 1948 नंतर समाजातली बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. आज भारतात सारे ज्यू मिळून जेमतेम काही हजार उरले आहेत. पण शाळा माझगावात उभी आहे, आणि तिथे शिकणारी बहुतेक मुले आता शेजारपाजारच्या मुसलमान घरांतली आहेत. स्वतःच्या लेकरांसाठी लावलेले झाड शेजाऱ्याच्या अंगणात फळ टाकते आहे, आणि कोणी कुंपण घातलेले नाही.

1913 मध्ये मुंबईच्या बेने इस्राएल स्त्रियांनी आपले स्त्री मंडळ काढले. त्यात पुढाकार होता जेरुशा झिराड या तरुण डॉक्टरबाईंचा. पुढच्या वैद्यकीय शिक्षणासाठी त्या इंग्लंडला गेल्या त्या टाटांच्या कर्जाऊ शिष्यवृत्तीवर. पुन्हा तीच सर्वांत वरची पायरी! परत आल्यावर त्यांनी मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा 1947 पर्यंत वाहिली. तिथे बाळंत होणाऱ्या बायकांना जात किंवा धर्म विचारला जात नव्हता. 1966 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका मुलीला दिलेले कर्ज किती घरांत फिटले, याचा हिशोब कोणत्या वहीत मांडणार?

हे सगळे मी आजच का लिहिते आहे, तेही सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका महाविद्यालयात होते. तिथे गरजू विद्यार्थ्यांसाठी एक निधी होता. निधी चांगला, देणारेही चांगले. पण धनादेश द्यायचे ते स्नेहसंमेलनात, व्यासपीठावर, नाव पुकारून. द्वितीय वर्षाला एक मुलगी होती. ज्ञानेश्वरीतला दृष्टांत असा उलगडून सांगायची की आपण पुस्तक मिटून ऐकत राहावे. तिचे नाव पुकारले गेले, दोनदा, तीनदा. ती सभागृहात होती. शेवटच्या रांगेतून उठली आणि पाठ फिरवून निघून गेली. पुढच्या सत्रात ती आली नाही. एका दुकानात हिशोब लिहायला लागली असे मैत्रिणींकडून कळले. रक्कम चार हजारांची होती. तिला परवडली नाही.

सध्या मी शिकवते तिथे आम्ही तिघे जण, मी, ग्रंथपाल आणि गणिताचे एक निवृत्त सहकारी, मिळून एक छोटा व्यवहार चालवतो. पैसे गोळा करायला दोघे जातात. कोणाला द्यायचे ते तिघे ठरवतात. नावांची वही ग्रंथपालांच्या कपाटात, कुलपाआड. पुस्तके हवी असतील तर ती ग्रंथालयाच्या त्याच खिडकीतून, त्याच कार्डावर मिळतात. रांगेत पुढे उभ्या असलेल्याला मागच्याचे काही कळत नाही. परीक्षा-शुल्क हवे असेल तर ते बिनव्याजी उसने. नोकरी लागल्यावर जमेल तसे परत. आणि ज्याला काही मिळाले त्याने आठवड्यातून एक तास खालच्या वर्गातल्या कोणाला तरी शिकवायचे. आमच्या सोसायटीतल्या दोन निवृत्त बायका दर गुरुवारी इंग्रजी शिकवायला येतात. पाऊस असो, पाहुणे असोत, गुरुवार चुकवीत नाहीत. स्वयंसेवकाची खरी कसोटी मला त्या गुरुवारात दिसते. उत्साह पहिल्या दिवशी सर्वांनाच असतो. एकोणिसाव्या गुरुवारी जो येतो तो कामाचा.

व्याप फार मोठा नाही. एका वेळी पंधरावीस मुले, एवढाच. गेल्या जूनमध्ये ग्रंथपालांच्या टेबलावर एक पाकीट आले. आत नोटा होत्या आणि घेतलेल्या रकमेपेक्षा पाचशे रुपये जास्त होते. नाव नव्हते. गणिताचे सहकारी हिशोबाला पक्के. ते वही काढून हे कोणाचे ते शोधायला निघाले. ग्रंथपालांनी कपाटाची किल्ली खिशात घातली आणि म्हणाले, "सर, जमेच्या बाजूला नुसते 'पोचले' असे लिहा."