फुग्याची हाक ऐकायची कोणी?

आई-बाबांचं विमान मुंबईहून सुटलं की आपण इकडे फोनवर ते बघत बसतो. आता युरोप ओलांडलं, आता अटलांटिकवर आलं... त्याच उंचीवर काही इवलेसे फुगेही पृथ्वीप्रदक्षिणा घालत असतात आणि तेही आपला ठावठिकाणा सांगत असतात. फक्त तो ऐकतात हॅम रेडिओवाले.

हे 'पिको' फुगे. खाली टांगलेलं यंत्र १५-२० ग्रॅमचं: जीपीएस, छोटा ट्रान्समीटर आणि सोलर सेल. बॅटरी बहुधा नसतेच, त्यामुळे सूर्य मावळला की फुगा मुका. संदेश जातो डब्ल्यूएसपीआर पद्धतीने. हॅम मंडळी तिला 'व्हिस्पर' म्हणतात. १९९३चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे जो टेलर यांनी ती बनवली. जेमतेम दहा-वीस मिलिवॅट ताकदीत कॉलसाइन आणि जागा सांगणारा छोटासा संदेश जवळजवळ दोन मिनिटं सावकाश पाठवला जातो. हजारो मैलांवरचा रेडिओ तो पकडतो, इंटरनेटवर चढवतो आणि नकाशा कुणालाही बघता येतो.

इलिनॉयमधल्या 'नॉर्दर्न इलिनॉय बॉटलकॅप बलून ब्रिगेड' या हौशी मंडळींनी ऑक्टोबर २०२२ मध्ये असाच एक फुगा सोडला होता. सहा प्रदक्षिणा झाल्या, सातवी चालू होती. १० फेब्रुवारी २०२३ रोजी अलास्काच्या पश्चिम किनाऱ्याजवळून त्याचा शेवटचा संदेश आला. वाऱ्याच्या अंदाजानुसार दुसऱ्या दिवशी तो कॅनडातल्या युकॉनवर असायला हवा होता. त्याच दिवशी युकॉनवर अमेरिकेच्या एफ-२२ विमानाने एक 'अज्ञात वस्तू' क्षेपणास्त्राने पाडली. क्षेपणास्त्र चार लाख डॉलरच्या वरचं. असा फुगा पडतो १२ ते १८० डॉलरना! तो हाच होता का, हे सिद्ध झालं नाही. अवशेष सापडलेच नाहीत. क्लबनेही फुगा 'बेपत्ता' एवढंच म्हटलं. पण चिनी फुग्याच्या धसक्यात नकाशा उघडून बघायचं तेव्हा कुणाला सुचलं नाही, असंच दिसतं.

पुढे २०२४च्या कायद्याने एफएएला समिती नेमायला सांगितलं. दहा हजार फुटांच्या वर जाणाऱ्या फुग्यांनी आपली ओळख, जागा आणि उंची वैमानिकांना व नियंत्रकांना सतत कळवावी, असं मानक तपासायचं. मग १६ ऑक्टोबर २०२५ला डेन्व्हरहून लॉस एंजेलिसला निघालेल्या युनायटेडच्या विमानाला यूटावर ३६ हजार फुटांवर हवामान कंपनी विंडबोर्नचा फुगा धडकला. काच तडकली, वैमानिकाला जखमा झाल्या. हा फुगा सुमारे १.१ किलोचा, हौशी नव्हे. प्रत्येक फुगा सोडताना विमानवाहतुकीसाठी सूचना देतो, असं कंपनीचं म्हणणं. म्हणजे माहिती इथेही होती. कॉकपिटपर्यंत ती कामाची होऊन पोचली नाही.

हॅम मंडळींनीही मान्य करावं की काही मिनिटांनी येणारा, रात्री बंद पडणारा संदेश विमानाला टक्कर टाळायला पुरेसा नाही. पण विमानासारखा ट्रान्सपॉन्डर आणि त्याची बॅटरी १५ ग्रॅमच्या यंत्रावर लादली, तर तो फुगा उडणारच नाही. नियम वजन बघून व्हावा. किलोभराच्या फुग्याला ट्रान्सपॉन्डर जरूर लावा. पिकोवाल्यांनी उड्डाणाची नोंद करावी आणि त्यांचा उघडा नकाशा एफएए व हवाई दलाने आपल्या पडद्यावर घ्यावा. त्याला फार मोठा खर्च नाही.

इथल्या शाळांमधून मुलं असे फुगे सोडतात. आपलीही असतील. आई-बाबांचं विमान सुखरूप उतरायला हवं आणि पोरांचा फुगाही उडायला हवा. फुगा बोलतोच आहे. ज्यांनी ऐकायला हवं, त्यांच्या कानापर्यंत ते नेणं एवढंच बाकी आहे.